विजयदुर्ग, हेलियम आणि दीड नॅनोमीटरचे अंतर

वर्णरेषा (धागाकर्ता)

ऑगस्ट महिना उजाडला की एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियमचा शोध लागला, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. गेली काही वर्षे त्या सुमारास किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो. विज्ञानाच्या निमित्ताने चार माणसे किल्ल्यावर जमतात ही चांगलीच गोष्ट आहे आणि त्यावर विरजण घालण्यासाठी हा धागा काढलेला नाही. परंतु त्या वाक्यातील तारीख, माणूस आणि जागा या तिन्ही गोष्टी आपापल्या ठिकाणी महत्त्वाच्या असल्या, तरी त्या एकत्र कधी आल्याच नव्हत्या. त्या जशा घडल्या तशा मांडल्या तर दुर्बिणीच्या इतिहासातील एक मोठे वळण नीट समजते, असे मला वाटते.

आधी घटनाक्रम पाहू. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर आला, दख्खन पार करून आंध्र किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरला आणि पुढे सयामकडे गेला. विजयदुर्ग या पट्ट्यात येत होता. पण ज्यांच्या नोंदी आज उपलब्ध आहेत ती निरीक्षक मंडळी अन्यत्र होती. विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते, कॅप्टन हेग विजापुरात होते, मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेन गुंटूरला होते, तर मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला होते. नॉर्मन लॉकियर मात्र त्या वेळी भारतातच नव्हते. बत्तीस वर्षांचे लॉकियर लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करत होते आणि उरलेल्या वेळात आपल्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून सूर्य न्याहाळत होते. ग्रहणासाठी ते भारतात प्रथम आले ते डिसेंबर १८७१ मध्ये, केरळ किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर, आणि विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे विजयदुर्गचे ग्रहण आणि हेलियमच्या रेषेची, म्हणजे त्याच्या प्रकाशातील खास रंगाच्या रेषेची, पहिली नोंद यांत जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे.

आता दुर्बिणीबद्दल. गॅलिलिओने १६०९ मध्ये ती आकाशाकडे वळवली तेव्हापासून पुढची दोनशे वर्षे दुर्बिणीने जे काही दाखवले ते स्थान, आकार आणि गती या तीन खात्यांत मोडणारे होते. गुरूचे चंद्र, शनीची कडी, युरेनस, जोडतारे, तेजोमेघांच्या याद्या हे सारे त्यातच आले. भिंग जितके मोठे तितके अंधुक पदार्थ दिसत आणि जवळचे दोन बिंदू वेगळे करता येत. मात्र तो बिंदू कशाचा बनला आहे, या प्रश्नाला दुर्बिणीकडे उत्तर नव्हते. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कॉम्त यांनी १८३५ मध्ये तर असे लिहून ठेवले की, ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीही कळणार नाही. कॉम्त यांची आज थट्टा होते, पण त्या काळच्या साधनांकडे पाहता त्यांचे म्हणणे अगदी समंजस होते. प्रत्यक्ष जाऊन नमुना आणल्याखेरीज एखादा पदार्थ ओळखता येतो, हे तेव्हा कोणाला सुचावे तरी कसे?

गंमत अशी की, उत्तराची किल्ली त्याआधी वीस वर्षे एका काच-कारागिराच्या हातात पडलेली होती. बव्हेरियात उत्तम भिंगे घडवणाऱ्या योझेफ फ्राउनहोफर यांना काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते ते, अचूक मोजायचा होता. त्यासाठी त्यांनी अरुंद फटीतून आलेला सूर्यप्रकाश लोलकातून नेला आणि पलीकडे डोळ्याऐवजी कोन मोजण्याच्या यंत्राची लहान दुर्बीण ठेवली. १८१४ मध्ये त्यांना सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकून तयार झालेल्या रंगांच्या पट्ट्यात, शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्यांतील ठळक रेषांना त्यांनी ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली आणि ती आजही चालतात. नारिंगी-पिवळ्या भागातील 'डी' ही प्रत्यक्षात एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेषांची जोडी आहे. पुढे १८५९-६० मध्ये हायडलबर्ग येथे किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की, ज्योतीत मीठ टाकल्यावर जी पिवळी रेषा उमटते तिची जागा आणि सूर्याच्या डी रेषेची जागा तंतोतंत एक आहे. सूर्यात सोडियम आहे हे त्या दिवसापासून मान्य झाले आणि कॉम्त यांचे 'कधीही नाही' पंचवीस वर्षांत निकालात निघाले.

१८६८ चे ग्रहण हे या नव्या साधनाची कसोटी पाहणारे पहिले मोठे ग्रहण होते. खग्रास अवस्थेत चंद्राच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्या वायूच्या आहेत की आणखी कशाच्या, हा तेव्हाचा प्रश्न होता. वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या आणि ज्वाला तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या आहेत, हे काही मिनिटांत ठरले. जान्सेन यांना त्या रेषा इतक्या प्रखर वाटल्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्यांच्या मनाने घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १९ ऑगस्टला, गुंटूरच्या लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहूनही दाखवल्या. इकडे लॉकियर हीच कल्पना दोन वर्षे उराशी बाळगून होते, पण त्यांचे यंत्र तयार होत नव्हते. ते १६ ऑक्टोबरला हातात पडले आणि २० ऑक्टोबरला त्यांना लंडनमधून सौरज्वालांच्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले ते या पद्धतीबद्दल होते. हेलियमचा त्याच्याशी संबंध नव्हता.

लॉकियर यांच्या त्या नोंदीत तीन तेजस्वी रेषा आहेत. एक फ्राउनहोफरच्या सी रेषेच्या जागी, दुसरी जवळजवळ एफच्या जागी, आणि तिसरी डीच्या जवळ. पहिल्या दोन हायड्रोजनच्या निघाल्या. तिसरी डीच्या दोन्ही रेषांहून वेगळी होती, किर्खहॉफच्या मापपट्टीवर आठ-नऊ अंश हिरव्या बाजूकडे सरकलेली. तिला पुढे डी-३ म्हटले जाऊ लागले. रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत बरीच खटपट करूनही ती रेषा हायड्रोजनमधून निघेना, तेव्हा ती पृथ्वीवर न सापडलेल्या एखाद्या मूलद्रव्याची असावी, या निष्कर्षावर लॉकियर आले. हेलियम हे नाव १८७१ मध्ये विल्यम टॉमसन यांच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांच्या, भाषणातून सर्वांसमोर आले.

सोडियमची जवळची रेषा ५८९.० नॅनोमीटर तरंगलांबीवर आहे आणि डी-३ ही ५८७.६ नॅनोमीटरवर. हे दीड नॅनोमीटरहूनही किंचित कमी असलेले अंतर ज्याने मोजले त्याला नवे मूलद्रव्य दिसले, आणि ज्यांनी नुसते पाहिले त्यांना सोडियम दिसले. माझा मुद्दा एवढाच आहे. इतरांचे काय म्हणणे आहे ते वाचायला आवडेल.

वाघोटण

लेख आवडला. आम्ही त्याच खाडीकाठचे असल्याने एक साधी गोष्ट मांडतो. १८ ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन पावसाळा. त्या दिवसांत सूर्य तासभर सलग दिसला तरी माणसे छत्री मिटून वर पाहतात. समुद्र खवळलेला असतो आणि होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. अशा दिवसांत विलायतेहून भिंगे आणि पेट्या घेऊन कोणी विजयदुर्गाच्या तटावर ग्रहणासाठी तळ ठोकेल, हे आम्हाला कधीच पटले नव्हते. जानेवारीचे आकाश मात्र निरभ्र असते आणि बंदरात बोटही सुखरूप लागते, त्यामुळे १८९८ ची गोष्ट एकदम बसते.

किल्ल्यावर ज्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते मग या १८९८ च्या मोहिमेचे समजायचे ना? आणि एवढा खटाटोप करून तेव्हा साहेबाने नेमके काय पाहिले, कारण तोपर्यंत हेलियम तर मिळून चुकला होता?

वर्णरेषा

वाघोटण, पावसाचा मुद्दा अगदी बिनतोड आहे. जमखंडी घाटमाथ्याच्या पलीकडे असूनही तेथे हर्शेल यांना ढगांच्या फटींतूनच ग्रहण पाहावे लागले होते, मग किनाऱ्यावर काय स्थिती असेल ते सांगायलाच नको.

ओट्यांबाबत तुमचा तर्क बरोबर आहे. लॉकियर यांचा तळ १८९८ मध्ये किल्ल्यातच होता, आणि 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील खलाशी मोठ्या संख्येने त्यांच्या मदतीला होते. अवजड यंत्रे हलू नयेत म्हणून पक्क्या बैठकी लागत. खग्रास अवस्था सुमारे दोनच मिनिटे टिकणार होती, त्यामुळे कोणी झाकण काढायचे, कोणी काच बदलायची आणि कोणी सेकंद मोजून हाळी द्यायची याची तालीम आधीपासून चालत असे. तोफांवर कवायत करणारे खलाशी या कामाला फार उपयोगी पडत.

त्यांना पाहायचा होता तो 'क्षणदीप्त वर्णपट'. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले की पहिल्या एक-दोन सेकंदांत सूर्याच्या रंगावरणाची, म्हणजे बिंबालगतच्या पातळ वायुथराची, नुसती एक बारीक कोर शिल्लक राहते. त्या क्षणी वर्णपटातील काळ्या रेषांच्या जागी एकाएकी शेकडो तेजस्वी रेषा चमकून उठतात. १८७० मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स यंग यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते, पण त्याचे पहिले छायाचित्र मिळायला १८९६ साल उजाडावे लागले. दुर्बिणीच्या तोंडाशीच लोलक बसवला की वेगळ्या फटीची गरज राहत नाही, कारण सूर्याची ती कोर हीच फट होते आणि छायाचित्रात प्रत्येक मूलद्रव्याची कोर आपापल्या जागी धनुष्यासारखी उमटते. विजयदुर्गला अशा लोलक-कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेतली गेली. हेलियमची कोरही अशा छायाचित्रांत दिसते, इतकाच त्या किल्ल्याचा हेलियमशी थेट संबंध.

चौकस

विवेचन चांगले आहे, पण मला एक शंका आहे आणि ती थोडी खटकणारी आहे. पिवळी रेषा १८ ऑगस्टला गुंटूर, जमखंडी, मच्छलीपट्टण अशा ठिकाणी एकाहून अधिक लोकांनी पाहिली. लॉकियर यांनी ती दोन महिन्यांनी पाहिली. तरी श्रेय लॉकियर यांचे, हे कसे? लंडनमध्ये बसलेल्या माणसाला पत्रव्यवहाराची सोय होती म्हणून तर नव्हे? पॉगसन यांनी ती रेषा डीवर किंवा डीच्या जवळ असल्याचे लिहिले होते, असे मी वाचले आहे. मग 'डीच्या जवळ' हे शब्द तर त्यांचेही झाले.

वर्णरेषा

शंका रास्त आहे आणि हिचे उत्तर मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत रोचक भाग वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खग्रास अवस्थेत सूर्यबिंब झाकलेले असते. म्हणजे वर्णपटातील त्या सुप्रसिद्ध काळ्या रेषाही नसतात, कारण त्या बिंबाच्या प्रकाशात असतात. काळ्या पार्श्वभूमीवर तीन-चार रंगीत रेषा तेवढ्या तरंगताना दिसतात. पिवळी रेषा दिसली तर ती डीच्या जागी आहे की शेजारी, हे कशाशी ताडून पाहायचे? यंत्रावर मापपट्टी असेल तर तिच्यावरील आकडा वाचायचा, पण अंधार, थरथरता हात, पाच-सहा मिनिटांची मुदत आणि ढगांची ये-जा यांत तो आकडा दीड नॅनोमीटरपर्यंत नेमका मिळणे फार कठीण होते. शिवाय पिवळी रेषा म्हणजे सोडियम ही ओळख तोपर्यंत इतकी रूढ झाली होती की, बहुतेकांनी तिला डी म्हणून टाकले. पॉगसन यांनी दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे, पण निर्णय करण्याइतके मोजमाप त्यांच्याकडेही नव्हते.

ग्रहण नसताना मात्र चित्र उलटते. सूर्याच्या कडेला फट लावली की ज्वालेच्या प्रकाशाबरोबर आकाशात विखुरलेला साधा सूर्यप्रकाशही आत येतो. तो लोलकांच्या मालिकेतून गेला की सर्व रंगांत पसरून फिका पडतो, तर ज्वालेचा प्रकाश मोजक्याच रंगांचा असल्याने त्याच्या रेषा एकमेकींपासून दूर गेल्या तरी त्यांचे तेज टिकून राहते. म्हणूनच भर उन्हात त्या दिसतात. आणि तो फिका सूर्यप्रकाश आपल्याबरोबर सगळ्या काळ्या रेषा घेऊन येतो. त्यामुळे लॉकियर यांना एकाच दृष्टिक्षेपात डीच्या दोन काळ्या रेषा आणि त्यांच्या शेजारी एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. मापपट्टी निसर्गानेच शेजारी आखून ठेवली होती.

थोडक्यात, ही रेषा सोडियमची नाही हे ओळखण्यासाठी ग्रहण ही गैरसोयीची वेळ होती. भारतातील निरीक्षक कमी पडले असे यातून मुळीच निघत नाही. जान्सेन यांना गुंटूरला ग्रहणानंतरही काही दिवस तीच संधी होती, परंतु त्यांचे लक्ष हायड्रोजनच्या रेषांवरून ज्वालांचे आकार रेखाटण्यात गुंतले होते. तेही तितकेच महत्त्वाचे काम होते.

रसायनी

मी या वादात तिसरीच बाजू घेतो. माझ्या मते १८६८ मध्ये हेलियमचा शोध कोणीच लावला नाही. एका बेवारस रेषेचा शोध लागला. मूलद्रव्य म्हटले की त्याचा अणुभार, त्याचे गुणधर्म, हातात धरता येईल असा नमुना लागतो. तो १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झी यांना मिळाला. क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून ते आर्गॉन शोधत होते. निघालेल्या वायूच्या वर्णपटात एक झगझगीत पिवळी रेषा आली आणि ती सोडियमच्या जागी नव्हती. क्रुक्स आणि लॉकियर यांच्याकडे नमुने गेले आणि रेषा जुळली.

पण येथेही एक अडचण आलीच. जर्मनीत कार्ल रुंगे यांनी बारकाईने पाहिले तेव्हा क्लेव्हाइटच्या वायूची पिवळी रेषा जोडरेषा निघाली, आणि सूर्याची डी-३ तर एकेरी समजली जात होती. मग दुर्बिणी पुन्हा सूर्याकडे वळल्या आणि तेथेही एक ठळक व तिच्या कडेला एक फिकट अशी जोडी आढळली. ओळख पटली ती तेव्हा.

ही काटेकोर वृत्ती का हवी, याची दोन उदाहरणे देतो. १८६४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला आणि त्यात अखंड पट्ट्याऐवजी तेजस्वी रेषा दिसल्या. प्रत्येक तेजोमेघ म्हणजे दूरच्या ताऱ्यांचा पुंजकाच असतो, ही कल्पना तेथे कोसळली आणि काही तेजोमेघ निव्वळ वायूचे असतात हे कळले. हा शोध थोरच आहे. पण त्यातील एक हिरवी रेषा कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे 'नेब्युलियम' नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. दुसरे उदाहरण १८६९ च्या अमेरिकेतील ग्रहणाचे. सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे करोनात, आणखी एक अनोळखी हिरवी रेषा दिसली आणि 'कोरोनियम' जन्माला आले. तर्क अगदी तोच होता: अनोळखी रेषा, म्हणून नवे मूलद्रव्य. दोन्ही वेळा तो चुकला. नेब्युलियमची रेषा ही अतिविरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. कोरोनियमची रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, हे ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून १९४० च्या सुमारास स्पष्ट झाले.

तेव्हा लॉकियर बरोबर ठरले, ते तीनपैकी एका डावात नशीब बरोबर असल्यामुळे. रॅम्झी नसते तर आज हेलियमही नेब्युलियमच्या रांगेत बसला असता.

वर्णरेषा

रसायनी, उदाहरणे अचूक आहेत, पण 'नशीब' मला मान्य नाही. लॉकियर आणि फ्रँकलंड यांनी नवे मूलद्रव्य म्हणण्याआधी हायड्रोजनचा दाब आणि तापमान बदलून ती रेषा निघते का हे तपासले होते. नेब्युलियम आणि कोरोनियम यांच्याबाबत ज्या परिस्थितीत त्या रेषा निघतात ती परिस्थिती तेव्हाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत निर्माण करणे शक्यच नव्हते. शिवाय ते चुकीचे डाव सुद्धा वाया गेले नाहीत. कोरोनियम लोखंड निघाले तेव्हाच तर कळले की करोनाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक आहे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याच्या वरचे विरळ आवरण दहा लाखांचे, ही गोष्ट कोणी कल्पनेने मांडली असती तर त्याला हसले असते. एका चुकीच्या नावाच्या रेषेने ती गळी उतरवली.

मुळामुठा

चर्चेत पुण्याचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि तितकीच मुंबई सरकारची रक्कम, असा तिचा पाया होता. ती उभारणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे वर्णपटशास्त्राचेच माणूस. तेथील ग्रब कंपनीची वीस इंची परावर्ती दुर्बीण पुढे कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी होती.

या धाग्याशी त्यांचा संबंध दुहेरी आहे. रसायनी यांनी नेब्युलियमच्या ज्या हिरव्या रेषेचा उल्लेख केला तीच मृगाच्या तेजोमेघातही दिसते. लॉकियर यांचे म्हणणे होते की, ती तप्त मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका रुंद पट्ट्याची कडा आहे, कारण सारे विश्व उल्कांच्या टकरींतून घडते असा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्यात ते बसत होते. पट्ट्याची कडा असेल तर रेषा एका बाजूने धूसर दिसायला हवी. नायगमवाला यांनी पुण्यातून ती तपासली आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केले की, रेषा कोणत्याही परिस्थितीत दोन्ही बाजूंनी रेखीवच दिसते. ज्या लॉकियर यांच्याशी त्यांचा चांगला परिचय होता त्यांच्याच सिद्धान्ताच्या विरोधात जाणारी ही नोंद होती. लॉकियर यांची योग्यता मान्य करूनही मी म्हणेन की, हेलियमच्या वेळी जी सावधगिरी त्यांनी दाखवली ती येथे दिसली नाही.

दुसरा संबंध १८९८ चा. नायगमवाला यांनी त्याच ग्रहणासाठी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे तळ टाकला होता. पुणे-सोलापूर लोहमार्गावर असल्याने अवजड सामान नेणे सोयीचे होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच आले होते. विदर्भात पुलगाव आणि तळणी येथे इंग्रज मंडळींचे तळ होते आणि तळणीहून ॲनी मॉण्डर यांनी करोनाच्या एका फार लांब झोताचे छायाचित्र घेतले. म्हणजे त्या एका दिवशी विजयदुर्गपासून विदर्भापर्यंत दुर्बिणींची रांग लागली होती. आपल्याकडे विजयदुर्गच तेवढे लक्षात राहिले आणि तेही चुकीच्या सालासाठी. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर बंद झाली आणि ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे तिला भावनगर दुर्बीण म्हणतात.

वाघोटण

मुळामुठा, जेऊरबद्दल प्रथमच वाचले. नायगमवाला यांचे नाव आमच्या शाळेच्या कोणत्याच पुस्तकात नव्हते.

नवखा

सर्व प्रतिसाद वाचले. प्रश्न कदाचित बाळबोध असेल. एका रेषेवरून सूर्यात एक वायू आहे हे कळले, ते ठीक. त्यामुळे विश्वाबद्दलची आपली समजूत बदलली असे म्हणता येईल का? फुग्यात भरायच्या वायूचे एवढे काय?

वर्णरेषा

प्रश्न बाळबोध नाही. १९२० पर्यंत लोकांना सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत याची यादी मिळाली होती, पण कोणते किती आहे हे कळत नव्हते. लोखंडाच्या रेषा भरमसाट दिसतात, म्हणून सूर्य साधारणपणे पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचा असावा, असे सर्वांनी धरले होते. हेलियमची रेषा तर सूर्यबिंबाच्या नेहमीच्या काळ्या रेषांत जवळजवळ आढळतच नाही. मग तो कितीसा असणार?

कोडे सुटले ते कोलकात्यात. विजयदुर्गासारख्या ठिकाणी टिपलेल्या क्षणदीप्त वर्णपटांत काही रेषा अपेक्षेपेक्षा ठळक असत. लॉकियर यांनी त्यांचा अर्थ मूलद्रव्ये फुटून त्यांची 'आद्यरूपे' तयार होतात असा लावला होता. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दाखवले की, मूलद्रव्य फुटत नाही, तर त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि किती अणूंचे सुटतील हे तापमान व दाब यांवरून गणिताने काढता येते. म्हणजे रेषेचा ठळकपणा आणि पदार्थाचे प्रमाण यांत सरळ नाते नसते. हे समीकरण वापरून सिसिलिया पेन यांनी हार्वर्डमध्ये १९२५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचेच आहेत असे उत्तर आले. हेन्री रसेल यांच्यासारख्या वजनदार माणसाने शंका घेतल्यामुळे स्वतः पेन यांना तो निष्कर्ष खरा नसावा असे प्रबंधात लिहावे लागले, आणि चार वर्षांनी रसेलच स्वतःच्या वाटेने तेथे पोचले. या प्रसंगाचा मला व्यक्तिशः अजूनही राग येतो.

तर फुग्यातला हा वायू विश्वातील साध्या द्रव्याचा वजनाने जवळजवळ चौथा हिस्सा आहे. तारे हायड्रोजनपासून हेलियम बनवतात खरे, पण आजवरच्या साऱ्या ताऱ्यांनी मिळूनही इतका हेलियम बनणे शक्य नाही. १९६४ मध्ये फ्रेड हॉइल आणि रॉजर टेलर यांनी या हिशेबावर बोट ठेवले: एवढा हेलियम शिजायला विश्व एके काळी अत्यंत तप्त असले पाहिजे, किंवा अतिप्रचंड वस्तुमानाच्या पिंडांनी त्यात मोठा वाटा उचललेला असला पाहिजे. पुढे पहिलाच पर्याय टिकला आणि पहिल्या काही मिनिटांत बनलेला हेलियम हा महास्फोटाच्या बाजूचा एक भक्कम पुरावा ठरला. हॉइल स्वतः महास्फोटाचे कडवे विरोधक, हे येथे लक्षात घ्यावे. तो निबंध 'नेचर'मध्ये आला होता, आणि 'नेचर' १८६९ मध्ये सुरू करून पन्नास वर्षे चालवणारे संपादक म्हणजे आपले लॉकियरच.

चौकस

पोचले. अवांतर होणार नसेल तर एक विचारतो. ही डी आणि डी-३ यांतील तफावत आज एखाद्या साध्या महाविद्यालयात मुलांना दाखवता येईल का? की त्यासाठी वेधशाळाच हवी?

रसायनी

सहज दाखवता येईल. बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत जो स्पेक्ट्रोमीटर असतो तो पुरेसा आहे. इंचाला १५,००० रेषा असलेली ग्रेटिंग, म्हणजे लोलकासारखे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी, लावली तर पहिल्या क्रमात सोडियमचा पिवळा प्रकाश सुमारे २०.४ अंशांवर मिळतो. तेथे सोडियमच्या दोन रेषांत जेमतेम सव्वा कला, म्हणजे कोनीय मिनिट, इतके अंतर पडते आणि हेलियमची रेषा जवळच्या सोडियम रेषेपासून सुमारे तीन कला अलीकडे येते. बहुतेक यंत्रांच्या व्हर्नियरवर एक कला किंवा अर्धी कला वाचता येते.

प्रयोग दोन टप्प्यांत करावा. आधी सोडियमचा दिवा बंद ठेवून फक्त हेलियमची नळी फटीसमोर लावावी आणि मुलांना ती पिवळी रेषा कशाची ते विचारावे. बहुतेक जण सोडियमच सांगतील, कारण अंधारात एकट्या रेषेकडे पाहून दुसरे काही सुचत नाही. मग फटीच्या अर्ध्या उंचीवर लहान काटकोनी लोलक बसवून सोडियमचा प्रकाशही त्याच वेळी आत घ्यावा, म्हणजे वरच्या अर्ध्यात एक वर्णपट आणि खालच्या अर्ध्यात दुसरा दिसेल. फट शक्य तितकी अरुंद ठेवावी, नाहीतर सोडियमच्या दोन रेषा एकच दिसतात. हेलियमच्या नळीला उच्च दाबाची वीज लागते, तेव्हा ती चालू असताना नळीच्या टोकांना कोणी हात लावणार नाही याची काळजी घ्यावी.